रिकामं बोट

वासरूमामाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं बाकीच्या हातापेक्षा उजळ होती. उजळ म्हणजे नटवी नव्हेत. भांडीवालीच्या फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी फिकट, फुगीर. त्या बोटांची नखं घासून घासून गुळगुळीत झालेली. उभी हयात त्याने त्या दोन बोटांनी वासरांना दूध प्यायला शिकवलं होतं, आणि वासराची जीभ म्हणजे सुताराच्या पेटीतली कानस.

गोठा मोठा होता. खाली सिमेंट, वर पत्रा, मधल्या ओळीत दुभत्या गाई आणि पार टोकाला वासरांचे कप्पे. माणसाच्या कमरेइतक्या फळ्या ठोकून केलेले, आत पेंढा टाकलेला. गाय व्याली, आईचा चीक वासराच्या पोटात गेला की वासरू तिच्यापासून काढायचं आणि मामाच्या हवाली करायचं, ही तिथली रीत. पुढचं मामा बघून घेई.

आता यातली गोम अशी, की नुकत्याच जन्मलेल्या वासराला दूध ओढायचं कळतं, पण बादलीतलं प्यायचं कळत नाही. ते येतंच मुळी मान वर करून. डोक्याच्या वर कुठेतरी अंधारात काहीतरी मऊ, ऊबदार आहे, तिथे ढुशी मारायची, एवढी एकच अक्कल घेऊन ते जगात पडतं. आणि बादली मेली असते खाली. त्याचं डोकं धरून बादलीत कोंबलं तर नाकातोंडात दूध जातं, ते ठसकतं, आणि पुन्हा बादली दिसली की भूत दिसल्यासारखं मागे सरतं. तसं करणारे बहाद्दर मामाने पुष्कळ पाहिले होते.

मामा घाई करत नसे. बोटं दुधात बुडवायची, वासराच्या तोंडात सरकवायची, टाळूला लावायची. ते चोखायला लागलं की हात खाली, आणखी खाली, बादलीत. तोंड दुधाला टेकतं, बोटांच्या फटीतून दूध आत जातं. पहिला घोट पोटात गेला की शेपटीचं टोक हलायला लागतं. शेपटी हलली की समजायचं, खूण पटली. मग बोटं काढून घ्यायची, खिसेकापू हात काढतो तशी, मालकाला पत्ता लागू न देता. वासरू थबकतं, तोंड वर करून बोट शोधतं, ते सापडत नाही. नाकाला दूध लागलेलं असतं, ते चाटतं, आणि चाटता चाटता मान आपली आपण खाली जाते. उद्या त्याला बोट कमी लागतं. परवा बादलीची कडी वाजली तरी भागतं.

नवा माणूस हाताखाली आला की मामा त्याला एवढंच सांगे, "बोट दुधासाठी. दूध संपलं की बोट संपलं. रिकामं बोट द्यायचं नाही."

कारण वासरू शिकतं फार पटकन. जिभेला गोड लागतं त्या घटकेला भोवती जे काय असेल ते सगळं त्याच्या डोक्याला चिकटतं. मागे दमेकरी एकजण दूध घालायला होता. तो बादली ठेवायच्या आधी हमखास खोकायचा. त्याच्या हातची वासरं पुढे कुणीही खोकलं की फळ्यांवर पाय टाकून उभी राहायची. एकदा जनावरांचे डॉक्टर सर्दीने बेजार होऊन आले. खोकले, तर सगळ्या कप्प्यांतून ओल्या नाकांची रांग बाहेर.

"वा! आज भलतंच स्वागत आहे," डॉक्टर म्हणाले.

"स्वागत कसलं डॉक्टर, बादली समजतायत ती तुम्हाला," पलीकडून वैनी ओरडली, आणि सगळा गोठा हसला.

वैनी म्हणजे धारा काढणारी बाई. अंगाने आडवी, आवाज पत्र्यावर दगड पडल्यासारखा. ती नक्की कुणाची वैनी हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मुकादमापासून गाडीवाल्यापर्यंत सगळे तिला वैनीच म्हणत. मामाही म्हणे. ती त्याला मामा म्हणे. नात्यांचा असा मेळ कुठल्याच घरात बसला नसता, पण गोठ्यात चालून जाई.

मामाची बायको गेली त्याला फार दिवस झाले नव्हते. मुलगी दूर, दुसऱ्या शहरात, नवऱ्याबरोबर. मामाची खोली गोठ्याच्या मागेच होती, पेंडीच्या कोठारातून भिंत घालून काढलेली. एक खाट, एक शेगडी, खिळ्याला टांगलेले दोन सदरे आणि बायकोने विकत आणलेला आरसा. आरसा तिच्या उंचीला लावलेला होता, त्यामुळे मामाला दाढी करताना गुडघे वाकवावे लागत. तो वर घ्यायला एक हातोडी आणि पाच मिनिटं पुरली असती. मामा रोज वाकत होता.

रविवारी मुलीचा फोन यायचा.

"अप्पा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"असंच. पोटभर."

"इकडे या ना थोडे दिवस. नुसते म्हणता, येत नाही."

"वासरं कोण बघेल?"

"तुम्ही नव्हता तेव्हा काय वासरं उपाशी मरत होती?"

यावर मामा हसे. मग फोनमध्ये तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येई. "बरं, ठेवते," ती म्हणे. ठेवल्यावर मामा फोन थोडा वेळ कानालाच धरून बसे.

अशातच बुटकी जन्मली.

गाय अडली होती. वासरू ओढून काढलं तेव्हा त्यात धुगधुगीच काय ती उरलेली. कालवड होती, पण पाय आखूड आणि काटकुळे. उभी राहिली की चारी पाय चार दिशांना जात. मुकादमाने फळीवरून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, ही काही धरायची नाही."

"बघू," मामा म्हणाला.

वासरांना तो नावं ठेवत नसे. कानात बिल्ला असतो, तो पुरे. पण हिला वैनीने बुटकी म्हटलं आणि ते चिकटलं. मामाने तिला मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने चीक पाजला, पोत्याने अंग चोळलं. मग बोट दिलं. ओढ अगदीच मऊ होती. हळूहळू तिला जोर आला. एक दिवस शेपटीचं टोक हललं, आणि मामा एकटाच कप्प्यात बसून "हां गं, हां" असं म्हणाला. त्या दिवसात त्याच्या तोंडून निघालेले बहुधा तेवढेच शब्द.

इथपर्यंत सगळं रीतीने झालं. चुकलं ते पुढे.

दुपारी धारा आटपल्या की माणसं डबे घेऊन फाटकाजवळच्या झाडाखाली बसत. मामाही पूर्वी बसायचा. बायको गेल्यावर तो जाईनासा झाला. तिथे गेलं की माणसं बोलता बोलता आवाज उतरवत, कुणी आपल्या डब्यातलं त्याच्या डब्यात टाकी, आणि त्याला घास गिळवत नसे. मग तो कप्प्यात पेंढ्यावर टेकून बसू लागला. बुटकी दूध पिऊन झालेली असे. ती येऊन त्याच्या हाताला नाक लावी. पहिल्या दिवशी त्याने हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशीही काढून घेतला. नंतर नाही घेतला.

रिकामं बोट. दूध नाही, काही नाही. ती डोळे अर्धे मिटून चोखत राही आणि मामा समोरच्या फळीकडे बघत बसे. तिच्या तोंडातली ऊब मनगटापर्यंत चढे. बायको गेल्यापासून त्याचा हात असा कुणी धरला नव्हता. माणसं खांद्यावर हात ठेवत आणि लगेच उचलत. हे वासरू सोडतच नव्हतं. मामाला नियम पाठ होता, त्यानेच तर तो केला होता. पण आजचा दिवस, उद्यापासून बंद, असं म्हणत म्हणत दुपारी जात राहिल्या.

बिंग फुटलं ते दाढेमुळे. मामाची दाढ सुजली, गालाचं गाठोडं झालं, आणि त्याला दिवसभर दातांच्या दवाखान्यात जाऊन बसावं लागलं. त्या दिवशी वासरांना दूध वैनीने घातलं. सगळी प्यायली. बुटकीने बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. वैनीने बोट दिलं, तर हुंगून तोंड फिरवलं. संध्याकाळी मामा गाल धरून परत आला, तर तिचं पोट खपाटीला गेलेलं आणि ती शेजारच्या कप्प्यातल्या वासराचा कान फटीतून ओढून चोखत होती.

मामाने सवयीने बोट दिलं. ती बादलीभर दूध एका दमात प्यायली. दूध संपलं तरी बोट सोडेना.

वैनी मागे उभी होती. तिने सगळं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मामा, हे काय?"

मामाने दाढेकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही म्हणून.

"दाढ माझीही दुखते. म्हणून मी गाईच्या गळ्यात पडत नाही. किती दिवस चाललंय हे?"

मामा बादली धुवायला गेला.

सकाळी मुकादम आला. माणूस तरणा होता, वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर मालक होता. "मामा, तुम्हाला मी काय सांगणार," तो म्हणाला. "अशी कालवड मोठ्या कप्प्यात सोडली की दुसऱ्यांच्या बेंब्या चोखते. बेंब्या सुजतात, पुढे आचळं बिघडतात. एकीपायी दहा जायच्या. वर ही मुळात खुरटी. व्यापाऱ्याची गाडी शनिवारी येतेय. तोवर आपलं आपण प्यायली तर राहील. नाही तर गाडीत चढवावी लागेल, तेव्हा मला लाजवू नका."

"पिईल," मामा म्हणाला.

"प्यायलीच पाहिजे असं नाही, मामा. एक वासरू गेलं तर—"

"पिईल म्हटलं ना."

मुकादम गेला. मामाने बादली भरून आणली, बुटकीपुढे ठेवली आणि हात काखेत दाबून बसला. ती आली. बादली ओलांडून आली. त्याची बाही चोखली, सदऱ्याचं बटण चोखलं, गुडघा चोखला. कोपर सापडलं ते चाटलं. मामाने तिचं नाक दुधाला लावलं. तिने फुर्र करून ते त्याच्याच तोंडावर उडवलं आणि पुन्हा बाही धरली. दूध निवलं. दुपारीही तेच झालं. तिला भूक होती, चांगली कडकडीत होती. पण तिच्या लेखी दूध बादलीत नव्हतंच, ते मामात होतं. मामा समोर आहे म्हटल्यावर आज ना उद्या बोट निघणारच, आणि ती थांबायला तयार होती. थांबणं तिला त्यानेच शिकवलं होतं.

संध्याकाळी ती हंबरायला लागली, आणि मामाचा हात काखेतून निघाला.

"खबरदार!" वैनी धारेची कासंडी घेऊन तिथेच आली होती. "आता दिलंत, तर उद्या दुप्पट ओरडेल. हे तुम्हीच शिकवलंय मला, का विसरलात?"

"उपाशी आहे गं."

"आहेच. आणि तुम्ही इथे बसलात तर शनिवारपर्यंत उपाशीच राहील. निघा तुम्ही."

"कुठे?"

वैनीने कासंडी खाली ठेवली. मग आवाज होता तेवढाच ठेवून म्हणाली, "कुठेही. खोलीत बसा, गावात हिंडा, सिनेमाला जा. पण तुमचा वास यायला नको, चपला वाजायला नकोत, खाकरणंसुद्धा नको. बाकीची वासरंही मी बघते. घरात नवऱ्याला चहाची कपबशी विसळायला शिकवलीय मी, त्याच्यापुढे हे वासरू काय!"

दुसऱ्या दिवशी मामा खोलीत बसला.

काम नसलेला दिवस त्याने पाहिलाच नव्हता. बायको गेली त्या दिवशी चार माणसं आली-गेली होती, तेव्हाही सकाळचं दूध घालून आला होता. त्याने शेगडी पुसली. सदरे धुतले. खाट सरकवून खालचं झाडलं आणि खाट परत होती तिथे ठेवली. भिंतीपलीकडून बुटकीचं हंबरणं येत होतं. एवढ्या वासरांतून तिचा आवाज ओळखू येतो, हे त्याला नको झालं होतं. त्याने रेडिओ लावला. आवाज वाढवला, तर आपण तिच्यावर ओरडतोय असं वाटलं. बंद केला.

मग त्याने मुलीला फोन लावला. रविवार नव्हता.

"अप्पा? काय झालं?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही. असाच केला."

"असाच? तब्येत बरी आहे ना? दाढ?"

"दाढ काढली."

"मग?"

मामाला सांगायचं होतं की एक कालवड आहे, माझ्यामुळे तिचा जीव धोक्यात आलाय, आणि मला तिच्याजवळ जायची बंदी आहे. पण हे असं फोनवर कसं मांडायचं? कुठून सुरू करायचं? दुपारच्या डब्यापासून? ते सांगायचं तर झाडाखाली का बसत नाही ते सांगावं लागेल.

"आज सुट्टी घेतली," तो म्हणाला.

"तुम्ही? सुट्टी?" ती हसली. मागून कुणीतरी तिला हाक मारली. "अप्पा, मी कामावर आहे, संध्याकाळी करते हं. नक्की करते."

"कर, कर."

तो बाहेर पडला, बसथांब्यापर्यंत गेला. बाकावर बसला. बस आली, ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, बस गेली. पुढची आली. तीही गेली. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने विचारलंच, "आजोबा, जायचंय कुठे?" मामा उठून घराकडे चालू लागला. इथे बसून लोकांचा खोळंबा कशाला.

कोठाराच्या कोपऱ्याशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, हंबरणं थांबलंय.

वासरू गप्प होतं ते दोन कारणांनी. पोट भरलं म्हणून, नाही तर ओरडायचा जोर सरला म्हणून. मामाने दोन्ही गप्पपणं भरपूर ऐकली होती, पण पत्र्याच्या अलीकडून त्यातलं कुठलं हे त्याला सांगता येईना. तो चपला हातात घेऊन अनवाणी गोठ्याच्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत गेला. कान लावला. पत्रा उन्हाने तापलेला होता, कान भाजला. वारा आपल्याकडून तिच्याकडे जातोय असं लक्षात आल्यावर तो तसाच मागे फिरला.

संध्याकाळी फोन आला नाही. कामात राहिला असेल.

वैनीने दार ठोठावलं तेव्हा तो खाटेवर सरळ बसून होता. तिच्या पदराला दूध लागलेलं होतं, आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण तिचा चेहरा नेहमीच भांडणाला निघाल्यासारखा असे.

"प्यायली," ती म्हणाली.

मामाने उठून तिला बसायला खाट मोकळी केली आणि स्वतः उभा राहिला. "कशी प्यायली?"

"तोंडाने."

"वैनी, नीट सांग."

मग तिने नीट सांगितलं. सकाळी बादली ठेवली, नाकाला दूध फासलं आणि पाठ करून उभी राहिली. कार्टी फाटकाकडे बघत ओरडत राहिली. नाकावरचं चाटलं, पण तेवढंच. दुपारी पुन्हा फासलं, पुन्हा चाटलं. मग तिसऱ्यांदा नाक फासायला वैनीने बादली उचलली, तर त्या नाकाने आधीच वाट धरली. कडेला लागलेलं चाटलं. आत घुसलं, ठसकलं, बाहेर आलं. पुन्हा घुसलं. "आणि मग असली ओढली मामा, बादलीच उचलून नेते की काय असं वाटलं."

"शेपटी?"

"काय शेपटी?"

"हलली का?"

"हलली म्हणजे? माझ्या तोंडावर बसली दोनदा."

मामा खूप वेळ मान हलवत राहिला. मग त्याने विचारलं, "माझी वाट बघत होती का गं, शेवटपर्यंत?"

वैनी उठली, पदर झटकला. "दुपारपर्यंत बघत होती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? नंतर नाही."

शनिवारी व्यापाऱ्याची गाडी आली आणि दोन गोऱ्हे घेऊन गेली. बुटकी मोठ्या कप्प्यात गेली होती. तिथे लांबलचक पन्हळीत दूध ओततात आणि वासरं खांद्याला खांदा लावून पितात. मुकादमाने मामाला लांबूनच हात केला आणि दुसऱ्या कामाला लागला. त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, एवढं त्याला कळत होतं.

मामाने मनाशी ठरवलं होतं की निदान आठवडाभर त्या बाजूला फिरकायचं नाही. पण रविवारी पेंढ्याचा भारा न्यायला वाट तिथूनच होती. त्याने भारा खाली ठेवला आणि कप्प्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. दोन्ही हात त्याने पाठीमागे घेतले आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं.

बुटकीने मान वर केली. ओळखलं. इतरांना ढुशा देत, आखूड पायांनी धडपडत ती फळीपाशी आली आणि मान बाहेर काढून त्याला हुंगू लागली. सदरा हुंगला. खिसा हुंगला. बाही शोधली, ती मागे गेलेली. सदऱ्याचं टोक तोंडात धरून ओढून बघितलं, त्यातून काही येईना, ते सोडलं. एकदा हंबरली. मामाच्या मागे धरलेल्या बोटांना घाम फुटला होता. तो काही बोलला नाही. आवाज म्हणजेसुद्धा बक्षीसच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

ती आणखी थोडी थांबली. रिकामं पोतं उलटंपालटं करून बघावं तसं तिने त्याला शेवटचं हुंगलं. तेवढ्यात पन्हळीत दूध पडल्याचा आवाज झाला. बुटकी जागच्या जागी वळली आणि सगळ्यांच्या मधून डोकं खुपसून प्यायला लागली. एवढ्या शेपट्यांत तिची कोणती, हे मागून ओळखू येत नव्हतं.

वैनी रिकामी कासंडी घेऊन पलीकडून येत होती. तिने मामाकडे पाहिलं, त्याच्या पाठीमागच्या हातांकडे पाहिलं.

"सोडा हात आता," ती म्हणाली. "गेली ती."

"राहू दे थोडा वेळ," मामा म्हणाला.